दोन बोवी सुरे: घडाई, पाणी आणि चाचण्यांच्या नोंदी

६ जानेवारी २०२४ – मापे आणि पोलाद

अमेरिकेतल्या जेम्स बोवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोवी सुऱ्याची तीन पाती घडवायची आहेत. 'क' हा जेम्सचा भाऊ रेझिन बोवी याने दिलेल्या मापाचा सरळ पाठीचा सुरा. 'ख' ला शवपेटीच्या आकाराची मूठ, आणि टोकाकडे पाठ आत कापलेली. 'ग' हे 'ख'चे जुळे पाते. त्याला मूठ बसणार नाही, ते चाचणीत मोडायचे आहे.

बोवी म्हटले की चित्रपटातला हातभर लांब, पाठीवर पितळी पट्टी असलेला अवजड सुरा डोळ्यांपुढे येतो. तो बाजूला ठेवला आहे. १९ सप्टेंबर १८२७ला मिसिसिपी नदीत, नॅचेझजवळच्या वाळूच्या बेटावर मारामारी झाली आणि जेम्स बोवीचे नाव झाले. त्याचा सुरा थोरला भाऊ रेझिन याने दिलेला. रेझिनने १८३८ मध्ये वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात मापे दिली आहेत: पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकच धार, वाक नाही. म्हणजे खाटकाच्या सुरीचीच थोरली बहीण. पुढे भेट देण्यासाठी रेझिनने बॅटन रूजच्या डॅनियल सर्ल्सकडून आणि फिलाडेल्फियाच्या हेन्री शाइव्हलीकडून जे सुरे करून घेतले तेही सरळ पाठीचे. सर्ल्सचा एक सुरा सॅन अँटोनियोच्या अलामो या ऐतिहासिक किल्ल्याच्या संग्रहात आहे.

पत्रात जाडी नाही, आणि नकला फसतात त्या तिथेच. पाव इंची पट्टी टोकापर्यंत तेवढ्याच जाडीची ठेवली तर मापे बरोबर येऊनही हातात पहार आल्यासारखे वाटते. जुन्या पात्यांची पाठ मुठीपासून टोकाकडे सतत पातळ होत जाते. आमचे लक्ष्य: मुठीपाशी ५.८ मिमी, मध्यावर ४.५, टोकाच्या २५ मिमी अलीकडे २.३.

पोलाद १०९५ या प्रतीचे. त्या काळचे चांगले सुरे 'कास्ट स्टील'चे असत, म्हणजे हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्डला बसवलेल्या मुशीच्या पद्धतीचे पोलाद. साध्या कार्बन पोलादांत १०९५ त्याच्या जवळ जाते: कार्बन ०.९० ते १.०३ टक्के, मँगनीज ०.३० ते ०.५०. मँगनीज एवढे कमी असल्यामुळे पाणी देताना (म्हणजे लाल तापवून तेलात झटकन गार करून कडक करताना) चूक खपत नाही. पहिल्यांदाच सुरा करणाऱ्याने १०८४ घ्यावे.

भारतात हे माप धरून काम करणाऱ्यांसाठी: शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा शस्त्रांच्या यादीत येतो (घरगुती, शेती, उद्योग वगैरे कामांसाठी केलेली पाती सोडून). जिथे शस्त्र कायद्याच्या कलम ४ची अधिसूचना लागू आहे, तिथे त्याला परवाना लागतो. रेझिनचे माप त्या रेषेच्या पाव इंच पलीकडे आहे. तिथे पाते साडेआठ इंचांवर थांबवा, रूप बिघडत नाही.

७ जानेवारी – घडाई

पट्टी ३२ × ६.३५ मिमी. रुंदी मुद्दाम कमी घेतली, कारण धारेचा उतार ठोकताना पाते रुंदावते. ३२चे ३८–३९ होतात.

क्रम: आधी टोक, मग टँग (मुठीत जाणारा भाग), मग पाठीचा निमुळतेपणा, शेवटी धारेचा उतार. निमुळतेपणा उतारानंतर काढायला गेले की धार लाटेसारखी होते.

धारेची बाजू ठोकून पातळ झाली की ती लांबते आणि पाते पाठीकडे वाकून केळ्यासारखे होते. म्हणून उतार काढण्याआधी पट्टी धारेच्या बाजूला कोयत्यासारखी वाकवून घेतली. 'क'ला मध्यावर १८ मिमी वाक दिला होता. उतार पूर्ण झाल्यावर पाठ २ मिमीच्या आत सरळ आली. 'ख'ला १२ मिमी दिला, तो कमी पडला. तीन वेळा तापवून, पाठ वर करून लाकडी ओंडक्यावर ठोकून सरळ करावा लागला.

ताव केशरी रंगाचा, अंदाजे १००० अंश से. रंग फिका लाल झाला की हातोडा थांबवायचा. १०९५ थंडावर ठोकले तर धारेपासून केसासारख्या चिरा पडतात आणि त्या पाणी देईपर्यंत दिसत नाहीत. उलट बाजूने पांढुरका पिवळा रंग आला आणि ठिणग्या उडू लागल्या की पोलाद जळते आहे. तेवढा तुकडा कापूनच टाकावा.

१३ जानेवारी – कण बारीक करणे

तिन्ही पाती तीनदा तापवून हवेत थंड केली: ८७०, ८१५, ७६० अंश. प्रत्येक वेळी काळे पडेपर्यंत स्थिर हवेत टांगून. ऐरणीवर आडवे ठेवले तर ऐरणीला टेकलेली बाजू आधी थंड होऊन पाते वाकते.

त्याच पट्टीचे दोन तुकडे सोबत ठेवले होते. एकाला हे तीन ताव दिले, दुसऱ्याला नाही. दोन्हींना पाणी देऊन शेगड्यात (बाकावरच्या पकडीत) मोडले. पहिल्याची मोड राखाडी, रेशमी. दुसऱ्याची साखरेच्या दाण्यांसारखी चकचकीत. असा खडबडीत कणाचा सुरा लाकडावरच्या पहिल्या घावात मोडू शकतो. हा तासाभराचा खटाटोप कधीही टाळू नये.

२० जानेवारी – कानस आणि भोके

टँगला भोके पाडताना पहिल्याच भोकात ड्रिल घसरू लागले. कारण उघड होते: हवेत थंड झालेला पातळ टँग ड्रिलच्या मानाने टणक राहिला होता. फक्त टँग मंद लाल (६८० अंशांच्या आसपास, लोहचुंबक अजून चिकटते इतपत) तापवून गरम राखेत पुरला. दुसऱ्या दिवशी भोके सहज पडली. वेग कमी आणि दाब जास्त हवा. दाब हलका ठेवून ड्रिल नुसते फिरत राहिले की भोकाचा तळ चकाकतो, आणखी टणक होतो आणि मग ड्रिल जळते.

पिना ३.२ मिमी, भोके ३.४ मिमी. तीन भोके. शिवाय वजन उतरवायला टँगच्या मध्यावर ८ मिमीची दोन.

धारेची जाडी ०.८ मिमीवर थांबवली. त्यापेक्षा पातळ धार पाणी देताना वळते किंवा चिरते. मुठीजवळ, जिथे उतार सुरू होतो, तिथला कोपरा गोल कानशीने गोलसर केला. तिथे काटकोन ठेवला तर चीर तिथूनच सुरू होते.

२७ जानेवारी – पाणी, पहिला प्रयत्न

गॅसच्या भट्टीत लोखंडी नळी, नळीत तापमापक, नळीच्या आत पाते. त्यामुळे ज्योत थेट लागत नाही आणि टोक आधी तापून जळत नाही. ८०० अंश, एकसारखा रंग आल्यावर ६ मिनिटे. चुंबक ७७० अंशांना सुटतो. चुंबक सुटला की लगेच बुडवणारे बरेच आहेत. १०९५ला त्यानंतर थोडा वेळ द्यावा लागतो, कारण कार्बन विरघळायला मिनिटे लागतात.

'ग' कॅनोला तेलात बुडवले, तेल ५५ अंशांना तापवलेले. कठीणता तपासण्याच्या कानशी चालवून पाहिल्या (कानशीचा अंक रॉकवेल कठीणतेचा; कानस घसरली तर पोलाद तिच्याहून कडक, चावली तर मऊ). धारेवर पुढच्या दोन तृतीयांश भागात ६५ची कानस घसरली, म्हणजे पाणी उत्तम. मुठीजवळच्या ६० मिमीत मात्र ५०ची कानस सहज चावली. तिथे धारेमागची जाडी जास्त राहिली होती. १०९५ पहिल्या सेकंदाभरात ५४० अंशांच्या खाली यावे लागते. खाद्यतेल जाड भागाला तेवढे झटपट गार करत नाही, आणि तिथे मऊ पर्लाइट तयार होतो. हा दोष तेलाचा.

पेटत्या तेलासाठी: धातूचेच भांडे, झाकण हाताशी, आणि पाते पूर्ण बुडवायचे. अर्धे बाहेर राहिले की तिथे भडका होतो. पाणी कधीही ओतायचे नाही.

३ फेब्रुवारी – पाणी, दुसऱ्यांदा

जलद क्वेंच ऑइल १२ लिटर आणले, तापमान ३० अंश. 'ग'ला आधी ८१५ला एक ताव देऊन हवेत गार केले, मग पुन्हा ८००. या वेळी मुठीपर्यंत ६५ची कानस घसरली. 'क' आणि 'ख'ही लगोलग दिले.

बुडवताना हालचाल वर-खाली किंवा धारेच्या दिशेने पुढे-मागे. आडवी हालचाल केली की एक बाजू आधी गार होते आणि पाते वळते. 'ख'च्या वेळी हात थोडा आडवा गेला. टोक डावीकडे २ मिमी.

१०९५ साधारण २१० अंशांपर्यंत गार होईतो कडक व्हायला सुरुवातच होत नाही. म्हणून तेलातून ९ सेकंदांनी काढून जाड हातमोजे घालून दोन लाकडी ठोकळ्यांत सरळ करायला अर्धा मिनिट मिळतो. 'ख' तेवढ्यात १ मिमीवर आले. मग हात थांबवला. पाते गार होत आले की तेच जोर लावणे म्हणजे काच वाकवणे.

४ फेब्रुवारी – पाणी उतरवणे

पाणी उतरवणे म्हणजे कडक झालेले पाते मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे. बुडवल्यावर तासाभराच्या आतच पहिली दोन तासांची फेरी २०५ अंशांना दिली होती. कडक १०९५ रात्रभर तसेच ठेवले तर आपोआप चिरू शकते.

आज दुसरी आणि तिसरी फेरी, २३० अंश, दोन-दोन तास. ओव्हनच्या काट्यावर भरवसा नाही. आमचा २५ अंश वर जाऊन खाली येतो. म्हणून वाळू भरलेल्या तव्यात पाती पुरून वेगळा तापमापक वाळूत रोवला.

'ख'चा उरलेला १ मिमी वाक याच फेरीत काढला. लोखंडी पट्टीला पाते तीन ठिकाणी आवळून, उलट दिशेला अडीच मिमीची पाचर घालून भट्टीत. बाहेर आले ते सरळ.

निकाल: ६०ची कानस चावते, ५५ची घसरते. घाव घालायच्या सुऱ्याला हे योग्य. ६०च्या वर ठेवले की गाठीवर धारेचे तुकडे उडतात.

'ग'ची पाठ वेगळी मऊ केली. धार पाण्याच्या ताटात १२ मिमी बुडवून पाठीवर गॅसची ज्योत फिरवली, पाठ निळी होईपर्यंत, असे तीन वेळा. 'क' आणि 'ख'ला हे केले नाही. पाठ निळी केली म्हणजे पाते वाकते पण पूर्ण परत येत नाही, आणि सुरा सरळ राहणे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

१० फेब्रुवारी – घासाई

३६, १२०, २२० दाण्यांचे घासपट्टे, मग हाताने ४०० दाण्यांचा घासकागद, पात्याच्या लांबीच्या दिशेने. धारेमागची जाडी 'क' ०.४ मिमी, 'ख' ०.५. 'ग' मुद्दाम ०.७ वर ठेवले. धार दोन्हीकडून २० अंश.

दर दोन फेऱ्यांनंतर पाते पाण्यात. उघड्या हाताने धरायचे, हातमोजा नाही. बोटाला चटका बसला की थांबायचे.

१७ फेब्रुवारी – चाचण्या

मोजपट्टी म्हणून अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची जर्नीमन (कारागीर पदासाठीची) चाचणी घेतली. ही संस्था बिल मोरन यांनी १९७६ मध्ये सुरू केली. चाचणीच्या सुऱ्याचे पाते १० इंचांच्या आत, रुंदी २ इंचांच्या आत, एकूण लांबी १५ इंचांच्या आत. लटकता एक इंची दोर एका घावात कापणे, बांधकामाची 'टू बाय फोर' (नावाला दोन इंच बाय चार इंच) फळी दोनदा तोडणे, त्यानंतर हातावरचे केस भादरणे, आणि शेवटी शेगड्यात ९० अंश वाकवणे. सगळे एकाच पात्याने, याच क्रमाने.

मूठ म्हणून दोन लाकडी पट्ट्या तात्पुरत्या आवळल्या आणि मनगटाला दोरी. समोर आणि उजव्या हाताला कोणी उभे राहायचे नाही. पाते सुटले तर त्याच दिशांना जाते.

दोर, 'ग': तीनपैकी तीन वेळा दोर ढकलला गेला, अर्धाच कापला. धार केस भादरत होती, तरीही. ०.७ मिमीची धार दोरात शिरते पण मागचा उतार पाचरीसारखा अडतो. दगडावर मागचा उतार ०.४५ मिमीपर्यंत उतरवला. पुढच्या घावात दोर कापून तुकडा खाली. तीक्ष्णपणा तोच, फक्त जाडी बदललेली.

फळी, 'ग': फळीचे खरे माप ३८ × ८९ मिमी, पाइनची. पहिली ३१ घावांत, दुसरी ३८ घावांत (दुसरीत गाठ). मधली धार अभंग, केस अजून भादरते. पण टोकाकडचे शेवटचे २० मिमी कागदासारखे मुडपले. तिथे ५०ची कानस चावली. पाणी दिल्यावर तिथेच ६५ची घसरली होती, म्हणजे दोष पाण्याचा नव्हे. घासताना पातळ टोक जुन्या, बोथट पट्ट्यावर तापले आणि पाणी उतरले. निळा डाग पडला असणार, तो पुढच्या कागदाने पुसला गेला. यावर उपाय एकच: टोकासाठी प्रत्येक वेळी नवा पट्टा. 'क' आणि 'ख'ची टोके लगेच तपासली. दोन्हींवर ५५ची कानस घसरते.

२४ फेब्रुवारी – वाकवणे

'ग' टोकापासून ७५ मिमीवर शेगड्यात, टँगवर लोखंडी नळी. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, जाड जाकीट. ४५ अंशांपर्यंत शांत. ७० अंशांच्या आसपास टिक असा आवाज. ९० पूर्ण. सोडल्यावर ते ३५ अंशांवर परत आले. तुकडा पडला नाही. धारेत ५ मिमीची एक चीर.

चिरेचे मूळ भिंगाखाली पाहिले. ती १२० पट्ट्याच्या आडव्या ओरखड्यातून सुरू झाली आहे. तिथे ४०० कागद नीट फिरला नव्हता. वाकताना सगळा ताण त्या एका खोबणीत गोळा झाला. धारेवर एकही आडवा ओरखडा राहू द्यायचा नाही, मग सुरा वाकवायचा असो वा नसो.

या चाचणीबद्दल आमचे मत: ती लोहाराचा तापमानावरचा ताबा तपासते. १८३०च्या सुऱ्याची ती कसोटी नव्हे. एवढे वाकणारे पाते करायला पाठ मऊ करावी लागते, आणि मऊ पाठीचा सुरा फळीत अडकल्यावर उचकला तर वाकडाच राहतो. 'ग' उत्तीर्ण झाले, तरी हातात घ्यायला आम्ही 'क'सारखे सर्व बाजूंनी सारखे पाणी दिलेले पाते निवडू.

२ मार्च – 'ख'ची मूठ

शवपेटीच्या आकाराची, आडव्या गार्डशिवायची (मुठीपुढे हात अडवणारी पट्टी नसलेली) मूठ आर्कान्सातल्या वॉशिंग्टन गावच्या जेम्स ब्लॅकच्या नावाशी जोडली जाते. त्याने जेम्स बोवीचा सुरा केला की नाही यावर अजून वाद आहे. आकार मात्र सुरेख आहे आणि हाताला कळतो: पात्यापाशी २४ मिमी, मागे रुंदावत ३३, मग दोन्ही कोपरे कापून शेवटी २२. मागच्या रुंदीमुळे सुरा हातातून पुढे निसटत नाही. पुढे मात्र गार्ड नाही, म्हणून या सुऱ्याने भोसकल्यासारखे काम करू नये, हात धारेवर सरकतो.

काळ्या अक्रोडाच्या दोन फळ्या, प्रत्येकी ९ मिमी, घासून ८. मध्ये जुन्या पद्धतीची लुकण: राळ ४ भाग, मधमाशीचे मेण १ भाग, कोळशाची बारीक पूड १ भाग. थंडीत तडकली तर मेण वाढवायचे, उन्हात मऊ पडली तर राळ. ही लुकण ओल अडवायला आहे. धरून ठेवण्याचे काम पिनांचे.

३ मार्च – पिना

जर्मन सिल्व्हरच्या पिना, दोन्हीकडे १.२ मिमी बाहेर. लाकडातल्या भोकाच्या तोंडाला हलका उतार, म्हणजे फुगलेले डोके तिथे बसते. ५० ग्रॅमच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके, पीन फिरवत.

मागच्या पिनेला डावी फळी चिरली. दोन कारणे. भोक फळीच्या टोकापासून ५ मिमीवरच होते. शिवाय पीन २ मिमी बाहेर ठेवली गेली होती. जास्त लांब पीन डोके धरण्याऐवजी लाकडाच्या आत फुगते आणि भोक फाडते. दोन्ही फळ्या काढल्या (ड्रायरने गरम केले की लुकण सुटते, ही या लुकणीची मोठी सोय), नव्या फळ्या केल्या, मागचे भोक ११ मिमी आत घेतले. त्यासाठी टँगला कार्बाइडच्या ड्रिलने नवीन भोक पाडावे लागले. पाणी दिलेल्या टँगवर साधे ड्रिल टिकत नाही.

'क'ची मूठ साधी, अक्रोडाचीच. कसलीही अडचण नाही.

९ मार्च – चांदीची पट्टी

मूठ आणि पाते जुळतात तिथे 'ख'वर ०.४ मिमी जाडीच्या ९२५ चांदीची पट्टी. तिचे कडे पात्यावर न झाळता त्याच मापाच्या लोखंडी तुकड्यावर गुंडाळून झाळले आणि मग टोकाकडून सरकवून बसवले. चांदीचा कडक डाक ६५० अंशांच्या वर वितळतो. तो पात्यावर लावला की मुठीजवळचे सगळे पाणी गेले. शेवटची फट भरायला कथील-चांदीचा मऊ डाक वापरला, तो २२१ अंशांना वितळतो. आपण २३०ला पाणी उतरवले आहे, म्हणून तेवढे चालते, पण तापवणीची इस्त्री लावायची, ज्योत नाही. धार ओल्या कापडात गुंडाळलेली होती.

अक्रोडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पाच हात, रोज एक. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकायच्या नाहीत, त्या आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून बाहेर पसरून ठेवल्या.

१६ मार्च – वजने आणि शेवटच्या चाचण्या

'क': पाते २३५ × ३८ मिमी, वजन ३१८ ग्रॅम, तोल मुठीच्या पुढे २२ मिमी.
'ख': पाते २२९ × ४१ मिमी, वजन ३४१ ग्रॅम, तोल २८ मिमी पुढे.

तुलनेसाठी निमुळतेपणा न देता, पट्टीतून थेट कापून काढलेले 'क'च्याच रूपाचे जुने पाते मुठीसह तोलले: ४३६ ग्रॅम, तोल ४७ मिमी पुढे. ज्यांनी ज्यांनी दोन्ही हातात घेतले, त्यांना काटा न पाहता फरक कळला.

दोर, 'क': एका घावात, पाचपैकी पाच वेळा. 'ख': पाचपैकी चार. चुकलेला घाव टोकाकडे लागला होता. पाठ कापलेल्या टोकामागे वजनच कमी असते, दोरावर घाव मध्यावरच घ्यायचा.

फळी: दोन्हींनी एकेक. 'क' ४१ घाव, 'ख' ३४. त्यानंतर दोन्ही केस भादरतात. पिना, चांदी, लुकण जागच्या जागी. 'ख'ची उजवी फळी कानाशी धरून ठोकल्यावर पोकळ आवाज येत नाही.

२३ मार्च – म्याने

झाडाच्या सालीने कमावलेले ३ मिमी कातडे, ओले करून पात्याभोवती दाबले (पाते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून). धारेच्या बाजूला आत कातड्याची ४ मिमी पट्टी शिवली, नाहीतर धार टाके कापते. मेण लावलेला तागाचा दोरा, दर इंचाला सात टाके. या कातड्यातले आम्ल पोलादाला डाग पाडते, म्हणून सुरे म्यानात ठेवायचे नाहीत. पातळ तेलाचा हात देऊन फडक्यात, म्यान शेजारी. 'ख'च्या म्यानाचे धातूचे तोंड बाकी आहे. त्याच चांदीतून ते पुढच्या शनिवारी कापायचे.